इच्छापोरची राखण

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहराची वस्ती विरळ होत जाते आणि इच्छापोर येते. हिरे-दागिन्यांच्या उद्योगवसाहतीमुळे हे नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. आम्हांला मात्र ते आठवते पौषातील एका रात्रीमुळे.

तेथे आमच्या एका गुजराती स्नेह्यांच्या शेतात पोंकाची ज्वारी भरात आली होती. (पोंक म्हणजे आपला हुरडा. सुरतकर तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात, आणि देशावरच्या वाचकांनी क्षमा करावी, पण तो अधिक गोड लागतो.) कन्येच्या बाळंतपणासाठी स्नेह्यांना अकस्मात सुरतेस जावे लागले, राखणदार तापाने पडलेला. “एक रात्र आम्ही राखतो,” असे आम्ही ऐटीत सांगून बसलो. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांचा तळ याच सुरतेच्या वेशीबाहेर पडला होता, हा अभिमानही त्या ऐटीत मिसळला होता.

चिरंजीवांचा लहानसा तंबू बांधावर ठोकला. जवळ विजेरी, काठी आणि जनावरे हाकलण्यासाठी वाजवावयाचा रॉकेलचा रिकामा डबा. पश्चिमेचे आकाश हजिऱ्याच्या कारखान्यांच्या उजेडाने तांबूस दिसत होते. त्या उजेडाने तंबूपासून दहा पावलांवरचेही काही दिसेना.

नऊच्या सुमारास कोल्हेकुई सुरू झाली. गुजरातीत हिला ‘लाळी’ म्हणतात. तापीच्या मुखाकडील तिवरांत खेकडे आणि बांधावर बोरे खाऊन राहणारा हा प्राणी माणसाच्या वाटेस जात नाही, हे आम्हांला ठाऊक होते. पण कोल्ह्यावरून मन बिबट्याकडे गेले. काकरापारचा बंधारा १९५४ मध्ये आणि उकाईचे धरण १९७२ मध्ये झाले, कालव्यांचे पाणी आले, पाण्याने ऊस आणला आणि उसात बिबटे राहू लागले. आपल्या जुन्नरासारखीच ही कथा. मांडवी तालुक्यातील अशा बातम्या आम्ही सकाळच्या चहाबरोबर चवीने वाचत असू. बिबट्याला उभ्या माणसापेक्षा बसलेला किंवा वाकलेला माणूस सोपे भक्ष्य वाटतो, हेही त्यांतच वाचलेले. तंबू इतका ठेंगणा, की त्यात उभे राहता येईना!

दोनच्या सुमारास कोल्हे एकाएकी गप्प झाले. ताटे कडाकडा मोडू लागली. मग फुरफुर, जड पावले, आणि तंबूच्या दोरीला हिसका. डबा आमच्या गुडघ्यांत होता, काठी हातात होती. पण हात उचलेना. किती वेळ गेला हे सांगता येत नाही. घड्याळ पाहण्यासाठी विजेरी लावण्याचेही धैर्य झाले नाही.

उजाडल्यावर शेजारच्या शेतावरचे वृद्ध काका आले. तंबूभोवतीच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले पाहून आमची छाती धडधडली. काकांनी बोटाने नखांच्या खुणा दाखविल्या. मांजराच्या कुळातला प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो. नखे उमटली म्हणजे कोल्हा. पलीकडे दुभंगलेल्या खुरांचे मोठे ठसे होते. ती ‘रोझ’, म्हणजे नीलगाय. आठ ओळी तिने आणि तिच्या मंडळींनी फस्त केल्या होत्या.

स्नेही दहाला आले. नात झाली होती. मोडलेली ताटे पाहून त्यांनी एवढेच विचारले, “डबा वाजवला होता ना?”

आम्ही खरे ते सांगितले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग उरलेल्या ओळींतली कोवळी कणसे आमच्यासाठी निवडू लागले.