देवळातील मागचे बाक

आमच्या देवळात डाव्या हाताचे शेवटचे बाक भगिनींनी गच्च भरलेले असे आणि पुढची चार बाके मोकळी राहत. या धर्मग्रामात आम्ही नवे आलो तेव्हा ही गोष्ट आम्हास फार खटकली. प्रवचन चालू असताना त्या बाकावरून एखादी बाई उठे, पदर सावरीत बाहेर जाई आणि पुष्कळदा परत येत नसे. ही भक्तीतील शिथिलता होय, असे आम्ही मनाशी ठरविले. मनाशीच ठेवले असते तर बरे होते. परंतु एका रविवारी आम्ही ते भर प्रवचनात बोलून दाखविले.

पुढच्या रविवारी ते बाक निम्मे रिकामे होते. सायंकाळी एक आजी आमच्या दाराशी आल्या. (त्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहोत.) उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही म्हटलासा ते बरोबर, खरं नुसता खोकला आला तरी लुगडं भिजतंय. पुढं कशी बसू?" एवढे बोलून त्या निघूनही गेल्या. सेमिनरीत आम्ही आठ वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो होतो. या एका प्रश्नाला उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातील सिस्टरांकडे गेलो. शब्द शोधताना आमची उडालेली त्रेधा पाहून त्यांनीच बोलावयास आरंभ केला. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम दीड इंच लांब, पुरुषाची तिच्या सुमारे पाचपट. जंतूंना वाट थोडी, म्हणून सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा दाह होतो. आपण त्याला उन्हाळी लागली म्हणतो आणि धण्याजिऱ्याचे पाणी देतो. त्या निमित्ताने पोटात पाणी जाते, हे चांगलेच. कारण शेतावर आडोसा नाही, बाजारात सोय नाही, म्हणून आमच्या भगिनी घरून निघताना पाणीच पीत नाहीत, आणि लघवी तासन्‌तास कोंडून ठेवतात. जंतूंचे त्यामुळे फावते. परंतु दोन दिवसांत उतार पडला नाही तर लघवी तपासून औषध घेतलेच पाहिजे. थंडी वाजून ताप आला, पाठीत कळ आली, लघवीतून रक्त गेले किंवा बाई गरोदर असली, तर दोन दिवसही थांबू नये.

आजींचा विकार निराळा. बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. मग खोकला, शिंक, डोक्यावरची घागर, काहीही निमित्त पुरते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली यावर एक व्यायाम प्रसिद्ध केला. लघवी अडविताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळून पाच अंक मोजावेत, मग तितकाच वेळ सैल सोडावेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. गुण दिसण्यास तीन महिने लागतात आणि पुष्कळजणी तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात, असे सिस्टर म्हणाल्या. (उपवासकाळातील आमच्या संकल्पांचेही बहुधा असेच होते.) अंग बाहेर येत असेल तर मात्र व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टरीणबाईंना दाखवावे.

आम्ही निघालो तेव्हा सिस्टरांनी सहज विचारले, "फादर, देवळापाशी बायकांसाठी सोय कुठे आहे?"

सोय नव्हती. घंटेसाठी वर्गणी झाली होती, मनोऱ्याच्या रंगासाठी झाली होती. आवारात शौचालय एकच. तेही आमच्या निवासाच्या परसात, आमच्याच कुलुपाआड. आणि कित्येक भगिनी दीड कोस चालत मिस्साला येतात.

समितीच्या बैठकीत एका सभासदाने विचारले, देवळाच्या आवारात असले बांधकाम शोभेल काय? त्यांच्या पत्नी मागच्या बाकावर बसतात, हे आम्हास ठाऊक होते. आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने त्यांनीच विषय सोडून दिला.

विहिरीच्या बाजूस आता दोन खोल्या उभ्या आहेत. नळ आहे, बादली आहे आणि कडी आतून नीट लागते, याची आम्ही स्वतः खात्री करून घेतली. त्या प्रवचनाबद्दल आम्ही देवळातच क्षमा मागितली. आजी अद्याप मागच्याच बाकावर बसतात. सवय झाली, म्हणतात. व्यायाम मात्र त्यांनी सोडलेला नाही. मोजदाद चुकू नये म्हणून त्या तो जपमाळेच्या मण्यांवर मोजतात. हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय आम्ही अजून दिलेला नाही.