काठी कुठल्या हातात?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. काहींनी फोन करून विचारलं, दोघातिघांनी मेल पाठवली. कारण साधं आहे. गेल्या श्रावणात मी पडले.

लोणावळ्याच्या पावसाबद्दल इथल्या जुन्या वाचकांना नव्याने काय सांगायचं? जूनपासून अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरतं. घासून काढा, चार दिवसांत पुन्हा हजर. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला म्हणून बाहेर गेले आणि पाय गेला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. मांडीचं हाड वर जिथे वाकून गोळ्यात शिरतं, त्याला 'मान' म्हणतात हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. अर्धा सांधा काढून तिथे धातूचा गोळा बसवला. आता माझ्या शरीरातला सगळ्यात तरुण भाग तोच. :-)

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगा येऊ लागला. माझ्या नातीच्याच वयाचा, हसरा. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, काठी दुसऱ्या हातात."

"अरे, दुखणं उजवीकडे आहे."

"म्हणूनच डाव्या हातात."

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. विज्ञान मला शेजारच्या वर्गातून, भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेवढंच. त्यामुळे वाद घालायची सवय आहे, पण पुरावा मागायची जरा कमी. आधार हवा तिथे काठी, हे लहान मुलालाही कळतं असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्याने शांतपणे एक्स-रेचा लिफाफा उलटा केला आणि पेन्सिलीने एक तराजू काढला.

तराजू, पण वाकडा. काटा मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. माणूस उजव्या पायावर उभा राहिला की उजवा खुबा हा त्या तराजूचा टेकू. शरीराचं वजन पडतं मध्यावर, म्हणजे टेकूपासून लांब. ते तोलून धरायला खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू खाली ओढतात, पण ते टेकूच्या अगदी जवळ आहेत. जवळून ओढायचं म्हणजे जोर दुप्पट, अडीचपट लावावा लागतो. वजनही सांध्यावर आणि हा जोरही सांध्यावर. आता काठी डाव्या हातात घेतली तर ती टेकूपासून पार लांब. तिथून थोडं रेटलं तरी स्नायूंचं मोठं ओझं हलकं होतं. तीच काठी उजव्या हातात घेतली तर ती टेकूच्या शेजारीच, आणि तीही स्नायूंच्याच बाजूला. ती त्यांना फारशी मदत करूच शकत नाही.

मी लिफाफा ठेवून घेतला. अजून आहे.

नात पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हे सांगितलं तर तिने मला वाचायला कागदच पाठवून दिले, छापून आणि मोठ्या अक्षरांत. (सूनबाई म्हणते, म्हातारीला कामाला लावलंस.) त्यातून कळलं की वॉल्टर ब्लाउंट नावाच्या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने १९५६ साली याच विषयावर लेख लिहिला होता, आणि त्याचं नावच मुळी 'काठी फेकून देऊ नका' असं होतं. मला ते नाव फार आवडलं. आम्ही निबंधाला असली शीर्षकं दिली असती तर परीक्षकांनी मार्क कापले असते.

त्याहून नवल वाटलं ते बर्लिनच्या कामाचं. तिथल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यांच्या आतच मोजमापाची उपकरणं बसवली. माणूस चालतो, जिने चढतो, खुर्चीतून उठतो आणि सांधा आतून बिनतारी निरोप पाठवतो की आत्ता माझ्यावर इतका भार आहे. सपाट जमिनीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. माझं वजन अठ्ठावन्न किलो. म्हणजे स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत जाताना दर पावलाला जवळजवळ दीड क्विंटल! आणि अडखळून तोल सावरताना तो भार सात-आठ पटींवर गेलेला त्यांनी नोंदवला आहे. त्या शेवाळावर माझं काय झालं असेल याचा हिशोब मी नातीला करू दिला नाही.

आमच्या गावाला असल्या अभ्यासाचं वावडं नाही, हे जाता जाता सांगते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथेच कैवल्यधाम काढलं ते योगाला प्रयोगशाळेत नेण्यासाठीच. आसन करताना शरीरात काय होतं हे त्यांनी त्या काळात एक्स-रे लावून पाहिलं. त्या वाटेवरून मी कितीदा भाजी घेऊन आले असेन!

असो. आता मूळ गोष्टीकडे येते. ती लिहावी की नाही, यावर चार दिवस घालवलेत, कारण हे नातेवाईकही वाचतात.

मी अंथरुणावर असतानाच दादा आला. माझं माहेर पवन मावळात. दादा एक्क्याऐंशीचा, अजून ताठ चालतो. त्याने शहाळं आणलं होतं, आणि पिशवीत हक्कसोडपत्राचे कागद. घरामागची बारा गुंठे जागा. सातबारावर अजून आम्हा बहिणींची नावं आहेत. भातखाचरांवरचा हक्क मी कधीच सोडला आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. कसणारा तो, राबणारी वहिनी, त्यात माझं काय? पण ही बारा गुंठे बंगल्याच्या प्लॉटसाठी जाणार होती, आणि त्यात मेसाचं बेट आहे.

"काय करायचंय त्या बेटाचं, बाय?" दादा म्हणाला. "साप आन उंदरं. जेसीबी लावला की अर्ध्या दिवसात साफ. तू बरी झालीस की वडगावला जाऊ, सही तेवढी करून टाक."

मावळ-मुळशीच्या लोकांना मेस सांगायला नको, इतरांसाठी सांगते. मेस म्हणजे आमच्याकडचा बांबू. आमच्या लहानपणी घरात मेसाचं काय नव्हतं? सुपं, टोपल्या, भाताची कणगी, कोंबड्यांचं डालगं. लावणीच्या दिवसांत आई इरलं पाठीवर घेऊन चिखलात वाकलेली असायची. त्या इरल्याच्या काड्या त्याच बेटातल्या. वडलांना नेलं तेही त्याच बेटातल्या दोन बांबूंवरून. बांबू दादानेच तोडले होते.

मी त्या दिवशी सही करते म्हटलं नाही आणि करत नाही असंही म्हटलं नाही. "बघू," म्हणाले. दादाला 'बघू' चा अर्थ बरोबर कळतो. तो शहाळं ठेवून गेला आणि मग महिनाभर त्याचा फोन नाही.

त्या महिन्यात मी बांबूबद्दल वाचत बसले. नातीला वाटलं आजीला विषय मिळाला. मला खरं म्हणजे दादाशी भांडायला मुद्दे हवे होते.

मुद्दे मिळाले ते निराळेच. बांबू आडवा कापून भिंगातून पाहिला तर बारीक ठिपके दिसतात, ते त्याच्या धाग्यांचे. आतल्या बाजूला विरळ, आणि बाहेर सालीकडे जावं तसे दाट. असं का? तर वाऱ्याने बांबू वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेलाच येतो, मधल्या भागाला काही काम नसतं. म्हणून मधे पोकळ आणि कडेला बळकट. नुसती नळी मात्र वाकवली तर चपटी होऊन मोडते. म्हणून ठरावीक अंतरावर पेराची गाठ, आतून पडदा घातलेली. आणि आपलं मांडीचं हाड? तेही लांब, मधे पोकळ, बाहेर घट्ट. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांच्या हाडांचं आणि बोरूसारख्या पोकळ काड्यांचं हे साम्य मांडलं होतं. पुढे जर्मनीत युलिउस वोल्फने १८९२ साली दाखवलं की हाडावर जसा भार पडतो तसं हाड स्वतःला घडवत जातं, आणि भार काढला की झिजतं. म्हणूनच तो पोरगा मला झोपू देत नव्हता!

अजून एक गोष्ट वाचली आणि कागद खाली ठेवला. कुठली वस्तू किती ताठ, हे इंजिनिअर लोक आकड्यांत मोजतात. पोलाद फारच ताठ, हाडाच्या दसपट. माझ्या सांध्यात वापरतात तसले धातूही हाडाहून कितीतरी ताठ. त्यामुळे सगळा भार धातू घेतो आणि शेजारच्या हाडाला काम न उरल्याने ते हळूहळू विरळ होऊ शकतं. आणि बांबू, उभ्या धाग्याच्या दिशेने? जवळजवळ हाडाइतकाच.

भाच्याला फोन केला. दादाचा मुलगा, चाकणला कारखान्यात इंजिनिअर आहे. मला वाटलं तो बापाची बाजू घेईल. तो म्हणाला, "आत्या, तुला माहीत नाही? आपल्याच राज्यात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ साली दोनशे मीटर बांबूचा कठडा लावला. जगात पहिला. 'बाहुबली' नाव ठेवलंय." गाडी रस्ता सोडून जाऊ नये म्हणून एक्सप्रेसवेला पोलादी कठडे असतात ना, तसा. विशिष्ट जातीचा बांबू, त्याला क्रिओसोटची प्रक्रिया, वरून वापरलेल्या प्लास्टिकचा थर. पिथमपूरला वाहनांच्या चाचणी केंद्रात आणि रुडकीला आगीच्या परीक्षेत पास झालेला. आम्ही खंडाळ्याच्या घाटात राहणारी माणसं, अपघाताच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत. कठड्याचं काम म्हणजे गाडी थोपवायची, पण एकदम नाही. जितक्या सावकाश थांबेल तितका आतल्या माणसाच्या हाडांना हिसका कमी. दोनशे मीटरवरून सगळं सिद्ध होत नाही, पावसाळे काढल्यावर काय ते कळेल, हेही भाचाच म्हणाला. बेंगळुरूच्या नव्या विमानतळाची छतं बांबूची आहेत, हे त्याने वर आणखी ऐकवलं.

"मग तुझ्या बापाला सांग की हे," मी म्हटलं.

"आत्या, बारा गुंठ्यांतल्या बेटातून विमानतळ होत नाही. प्लॉटचे पैसे किती येतात माहितीये?"

त्याचंही खरं होतं. २०१७ साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, तेव्हा आमच्याकडे पुष्कळांनी आता बांबूला दिवस आले म्हणून सांगितलं होतं. पण मावळातल्या जमिनीच्या भावापुढे कुठल्या पिकाचा निभाव लागायचा? दादाच्या गुडघ्यांचं, वहिनीच्या औषधांचं काय? हे सगळं मला दिसत होतं आणि तरीही सही करावीशी वाटत नव्हती. संशोधनाचे कागद त्यात काही मदत करत नव्हते.

शाळेच्या सहली मी दरवर्षी भाज्याला न्यायची. चैत्यगृहात मुलांना खांब दाखवायची, ते सरळ नाहीत, आत कललेले आहेत. दगडी खांबाला कलायची गरजच नाही, डोंगरच कोरलाय, कोण पडतंय? पण कोरणाऱ्यांच्या हाताला लाकडी घरांची सवय. तिथे छताचा रेटा पेलायला खांब कलते ठेवावे लागत. वर छताला तर खऱ्याखुऱ्या लाकडी कमानी बसवल्यात, तशा कार्ल्यालाही आहेत. काही पेलत नाहीत त्या, दगड स्वतःच उभा आहे. तरी दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. मुलं विचारायची, बाई, उपयोग नाही तर कशाला लावल्या? मी काहीतरी उत्तर द्यायची. काय द्यायची ते आठवत नाही.

भाऊबीजेला दादा येईल की नाही याची मला खात्री नव्हती. पण आला, वहिनीला घेऊन. ओवाळलं. ओवाळणीत त्याने नोट टाकली आणि मग ओसरीवर ठेवलेली काठी आणून दिली. मेसाची. दोन वर्षांपूर्वी तोडून चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेल्या बांबूंतला एक, बुडख्याकडचा, जाड भिंतीचा, जवळ जवळ पेरांचा. मूठ गुळगुळीत घासलेली.

"ती ॲल्युमिनियमची खुळखुळते," म्हणाला. "फोनवर ऐकू येती."

उभी राहून पाहिली तर काठी लांब. हात सरळ सोडल्यावर मनगटाची रेघ येते तेवढी काठी हवी, हे मला त्या पोराने शिकवलेलं. दादाने माझी उंची आठवणीतून धरली होती, आणि मी मधल्या काळात दोन इंच खाली आले आहे. गाठीच्या खाली कापावी तर आखूड, मधल्या पोकळीत कापावी तर टोक फुटणार. दादा करवत घेऊन ओसरीवर बसला, पाऊण तास. शेवटी गाठ धरूनच कापली आणि उरलेलं अंतर माझ्या जुन्या काठीचं रबरी बूच काढून, आत लाकडाची चकती घालून भरून काढलं. वहिनी म्हणाली, चहा गार झाला. त्याच्या पिशवीत कागद होते, मला वरून दिसत होते. त्याने काढले नाहीत, मीही विचारलं नाही.

मग काठी त्याने माझ्या उजव्या हातात दिली. मी ती डावीकडे घेतली.

"दुखतंय तर उजवीकडं ना गं?" दादा म्हणाला.

मी लिफाफा शोधायला आत गेले.