अडकलेला सिलिंडर आणि यत्नाचार



माझी नात एअर रायफलची नेमबाजी करते. आमच्या कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं. तरी जैन घरात बंदूक म्हटलं की मन जरा चरकतंच. सासूबाईंनी विचारलंच, "अगं, आपल्या घरात हे काय?" नातीने त्यांना लक्ष्याचा कागद दाखवला. मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. "पणजी, दहा मीटरवरून मी फक्त या कागदाला भोक पाडते." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

पण आमची खरी परीक्षा झाली ती घरातल्या टेबलावर.

स्पर्धेला विमानाने जायचं होतं. या रायफलला हवेचा छोटा सिलिंडर असतो. विमानात तो भरलेला चालत नाही, रिकामा करून न्यावा लागतो. दोन दिवस आधी नात तो काढायला बसली, तर जागचा हलेना. मुलगा पाइप पाना घेऊन आला. "आई, एक झटका दिला की सुटेल बघ."

मी बी.कॉम. झालेली, यंत्रातलं फारसं कळत नाही. पण आकडे वाचायची सवय आहे. सिलिंडरवर 200 बार लिहिलेलं होतं. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, म्हणजे ही जवळजवळ नव्वदपट. दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 200 किलोचा भार! मी म्हटलं, "थांब रे. वाफ कोंडलेली असताना आपण कुकरचं झाकण ओढतो का? आधी तिच्या सरांना फोन लाव."

सरांनी समजावून सांगितलं. सिलिंडर आट्यांवर फिरवून बसवलेला असतो आणि भरलेला असला की आतली हवा आट्यांवर जोर देत असते. त्यातून रबरी रिंग कोरडी पडून चिकटली, किंवा कुणी गरजेपेक्षा जास्त आवळला, की तो हाताला दाद देत नाही. अशा वेळी पान्याने जोर केला आणि आटे झिजलेले असले, तर सिलिंडर सुटून अंगावर येऊ शकतो.

मग रायफल रेंजवर नेली. छर्रा न घालता, नळी लक्ष्याकडेच ठेवून नातीने नुसत्या हवेचे शॉट सोडले. बराच वेळ गेला. काटा शून्यावर आल्यावरही सरांनी आणखी काही शॉट सोडायला लावले, कारण काटाही कधी अडकलेला असतो. नंतर रबरी हातमोजा घालून फिरवला आणि सिलिंडर सुटला. रिंग पार चपटी झाली होती.

बाजूला कोरलेली तारीख मी वाचली. रायफल जुनी घेतलेली. सिलिंडर बनवून 10 वर्षं उलटली होती, आणि अशा सिलिंडरची मुदत साधारण तेवढीच असते. सर म्हणाले, हा पुन्हा भरायचा नाही. नव्याचा खर्च मोठा, पण मी वहीत तो घरखर्चाच्या आधी लिहिला. स्पर्धेपुरता क्लबातल्या मैत्रिणीने तिचा दिला.

तुमच्या घरी कुणी नेमबाज असेल तर एवढं लक्षात ठेवा. पक्कड, हातोडी, गरम करणं, काहीही नको. साधं तेल तर मुळीच नको, जास्त दाबाच्या हवेत ते पेटू शकतं. रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावायचं. काढताना थोडं 'फुस्स' होतं ते चालतं, पण आवाज थांबेचना तर परत फिरवून बसवा आणि आधी हवा रिकामी करा. रिकामा होऊनही सुटला नाही, तर रायफलच्या जाणकार कारागिराकडे द्या.

आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. आपण पाणी गाळून घेतो, चूल पेटवण्याआधी झाडून घेतो, तो यत्नाचारच. सासूबाई त्या रात्री म्हणाल्या, "मला त्या बंदुकीची नाही, पान्याची भीती वाटली गं."

सिलिंडरवरची तारीख मात्र आजच बघून घ्या.