सुटकेची किंमत

चि. मंगेश,


परवा फोनवर विचारलंस, ‘आत्या, पाण्यातून फाज सोडला की कोंबड्यांच्या शेडमधले सगळे वाईट जंतू मरतील ना?’ नाही मरणार. तरीही त्यात तुझ्या कामाचं बरंच काही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फाज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. कोंबडीच्या पेशींना तो शिवत नाही, माणसाच्याही नाही. तुझ्या शेडमध्ये तो बहुधा आधीपासून असेलच. तुसात, विष्ठेत, पक्ष्यांच्या आतड्यात. पक्षी साफ करताना लहान आतडं संपतं तिथं दोन लांबट, बंद पिशव्या तू पाहिल्या असशील. आत तपकिरी लगदा असतो. त्यांना सीका म्हणतात. त्या लगद्याच्या एका ग्रॅममध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा एकच जिवाणू दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत सापडू शकतो. पक्ष्याच्या अंगातली ४१-४२ अंशांची ऊब त्याला छान मानवते. पक्षी बहुतेक वेळा ठणठणीत असतो. जुलाबांनी हैराण होतो तो माणूस.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात इयन कॉनर्टन यांच्या गटाने ब्रॉयलर पक्ष्यांना कॅम्पिलोबॅक्टरचे फाज पाजून पाहिले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. फाज न दिलेल्या पक्ष्यांच्या तुलनेत, पाच दिवसांच्या आत, सीकातले जिवाणू कुठे एक तृतीयांशावर आले, तर कुठे लाखात एकावर. कोणता फाज, जिवाणूचा कोणता वाण, किती मात्रा आणि मोजणी कधी केली, यावर सगळं अवलंबून. शिवाय जिवाणू विरळ झाले की फाजला नवा बळी गाठणं जड जातं. मग उरलेले तग धरतात आणि पुन्हा वाढू लागतात.

आता तू म्हणशील, अँटिबायोटिकसारखे इथंही जिवाणू निर्ढावतीलच की. निर्ढावतात, पण या प्रयोगात असे जिवाणू चार टक्क्यांहूनही कमी निघाले. कॅम्पिलोबॅक्टरचे पुष्कळ फाज त्याच्या अंगावरच्या शर्करेच्या आवरणाला किंवा पोहण्याच्या शेपटीला चिकटतात. सुटायचं तर जिवाणूला ते आवरण बदलावं लागतं, नाहीतर शेपटी टाकावी लागते. हातकडी चुकवायला हातच तोडून घ्यावा, तसं हे. शेपटी गेली की आतड्यातल्या चिकट द्रवातून वाट काढता येत नाही. नॉटिंगहॅमच्या मंडळींनी हे निर्ढावलेले जिवाणू पुन्हा नव्या पक्ष्यांत सोडले, तर तिथं बहुतेक जण लवकरच परत फाजला बळी पडणारे झाले. मला सांगायचंय ते हेच: फाज जिवाणूंची जात संपवत नाही, त्यांना सुटकेची किंमत मोजायला लावतो. आतड्यात कोण माजेल आणि कोण मागे पडेल, हे त्या किमतीवरही ठरतं.

ही कल्पना कालपरवाची नाही. फेलिक्स द’हेरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडच्या साथीत फाज वापरून पाहिला होता. पुढे अँटिबायोटिक्स आली, स्वस्त झाली, आणि हा रस्ता बहुतेकांनी सोडला.

प्रत्येक फाज कामाचा नसतो, हेही ध्यानात ठेव. काही फाज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत मुक्काम ठोकतात. त्यातले काही विष तयार करणारी जनुकंही सोबत आणतात. म्हणून लेबलवर नुसतं ‘फाज’ लिहिलेलं पाहून बाटली घेऊ नकोस. कोणत्या जिवाणूवरचा आहे आणि त्याची जनुकं तपासलीत का, ते विचार. वेळही महत्त्वाची. पहिले दोन आठवडे पिल्लांत कॅम्पिलोबॅक्टर सहसा नसतोच, तेव्हा पाजून पैसे वाया. उतार एक-दोन दिवसांत दिसतो आणि फार टिकत नाही. तेव्हा उपयोग झालाच तर लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या, आधीच्या दोन-तीन दिवसांत.

खरी अडचण पैशाची आहे. या जिवाणूने तुझी मॉर्टॅलिटी वाढत नाही, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारं खाद्य, तेही फारसं हलत नाही. खर्च तुझा आणि फायदा खाणाऱ्याचा. तेव्हा कंपनीच्या सुपरवायझरने फाजचा आग्रह धरला, तर पक्षी वाढवण्याचे ग्रोइंग चार्जेस किती वाढवणार ते आधी लिहून घे. शेडच्या दारातला जंतुनाशकाचा फूटबाथ मात्र आजच भरून ठेव, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि वहिनीला सांग, कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नकोस. शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीत जातात. शिजवताना मात्र हाडापर्यंत शिजू दे.

तुझी,
आत्या