डिंक निघतो, विष निघत नाही

ट्रॅक्टरच्या बोनेटवरचे जुने स्टिकर निघते, पण डिंक धूळ धरून बसतो. हर्सूल भागात फिरताना हे नेहमी दिसते. विळ्याने खरवडू नका. रंग गेला की पत्रा गंजतो. थिनर तर रंगच विरघळवतो. कोमट पत्र्यावर गोडेतेल चोळा, जरा वेळाने फडक्याने पुसा, साबणाने धुवा.

मात्र कीटकनाशकाच्या डब्याचे लेबल असे काढून तो घरात घेऊ नका. माझ्या नोकरीत मला धास्ती वाटते ती अशा लख्ख घासलेल्या डब्यांची. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लेबलावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. लेबल गेले की ती खूणही जाते. पोराबाळांना कसे कळावे? रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता आणि डब्याला भोके पाडा.