कॅमेरा डबलसीट

मोटारसायकलवर कॅमेरा बसवायचा म्हटलं की दोन प्रश्न हमखास निघतात: कोणता घ्यायचा आणि कुठे बसवायचा? आमच्या घरी या दोन्हींच्या आधी तिसराच प्रश्न होता, चित्रण बघणार कोण? त्याचं उत्तर मात्र पक्कं होतं. वाईला आरामखुर्चीत बसलेले माझे सासरे.

बाबा शेतकी खात्यात होते. राजदूतवरून त्यांनी अर्धा सातारा जिल्हा पालथा घातला. पसरणी घाटातल्या कोणत्या वळणाला कोणता गिअर, हे ते आजही सांगतात. पण पार्किन्सनमुळे आता हात थरथरतात, तोल राहत नाही. इकडे नॉर्थ कॅरोलायनात त्यांच्या मुलानं रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली, तेव्हा आई फोनवर म्हणाल्या, "जपून रे." बाबांनी एवढंच विचारलं, "आवाज कसा आहे?"

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं कोणालाही वाटेल. पण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलनं स्वतःच सांगितलं, की ताकदवान मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात. आपला हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून त्यातलं भिंग चुंबकांच्या आधारे जणू तरंगतं ठेवलेलं असतं. सतत हादरे बसले, की नेमकी तीच नाजूक रचना बिघडू शकते. ॲक्शन कॅमेऱ्यात असं तरंगतं भिंग सहसा नसतं. तो हादरा मोजतो आणि चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं चित्र स्थिर करतो. लाटांवर खेळणाऱ्या निक वुडमन यांनी २००४ साली मनगटावर बांधायचा फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला, तिथून गोप्रोची सुरुवात झाली. आम्ही असाच एक छोटा ॲक्शन कॅमेरा घेतला.

खरी गंमत पुढे. कॅमेरा आधी हेल्मेटवर लावून पाहिला. चालवणारा बघेल तेच दिसतं, पण तो आरशात बघतो, डावीकडे बघतो, पुन्हा समोर, आणि प्रत्येक वेळी सगळं जग फिरतं. वाईला टीव्हीसमोर आईंना गरगरायला लागलं. शिवाय अमेरिकेतल्या हेल्मेटच्या नियमात कवचावर ५ मिलिमीटरहून जास्त वर येणारा कठीण भाग चालत नाही. डोकं आपटलं तर हेल्मेट घसरून जायला हवं, कुठे अडकायला नको, असा त्यामागचा विचार. तो नियम हेल्मेट बनवणाऱ्यांसाठी आहे, पण कारण आपल्यालाही लागू पडतं.

मग हँडल. ते वळलं की चित्रही वळतं, आणि इंजिनाची थरथर तिथे चांगलीच पोचते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात कॅमेरा थरथरला की ओळी मागेपुढे होतात आणि रस्ता जेलीसारखा लिबलिबताना दिसतो. नंतर लेगगार्डला लावला. जमीन जवळ असल्यामुळे वेग भलताच वाटतो. तिशीत चाललेली गाडी साठीत असल्यासारखी. ते पाहून बाबा म्हणाले, "रस्ता पळतोय छान. पण गाडी कुठंय?"

या एका वाक्यानं जागा ठरली. शाळेत शिकवत होते तेव्हा फळ्यावर लिहून झालं, की मी शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहायची. तिथून काय दिसतं, त्यावर अक्षर केवढं काढायचं ते ठरायचं. बाबांचा बाक कोणता? गाडी चालवणं आता शक्य नाही. उरली मागची सीट.

कॅरिअरच्या नळीला घट्ट क्लँप, त्यावर छोटा दांडा आणि कॅमेरा चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे, माणूस डबलसीट बसला तर त्याचे डोळे असतील तितक्या उंचीवर. दांडा मुद्दाम आखूड, कारण लांब दांडा हेलकावे खातो. क्लँप निसटलाच तर कॅमेरा मागच्या गाडीवर जाऊ नये म्हणून कॅरिअरला बांधलेली पोलादी तार. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही असं बघून घेतलं. कॅमेऱ्यात क्षितिज सरळ धरून ठेवायची सोय असते, ती चालू ठेवली. म्हणजे वळणावर डोंगर सरळ राहतो आणि गाडी कललेली दिसते. आवाजासाठी वेगळा छोटा माईक फोमच्या टोपीत घालून सीटच्या मागच्या पिशवीच्या आडोशाला ठेवला. उघड्यावर नुसता वारा घोंघावतो, इंजिन ऐकूच येत नाही.

कॅमेऱ्याचं अर्धं काम बसवण्यातच असतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप उगवताना दाखवलं, ते रोज थोडंथोडं चित्रण करून. तिथे कॅमेरा जागचा हलून चालणार नव्हतं. इथे तो गाडीबरोबर हलला पाहिजे, पण गाडीपेक्षा जास्त नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्लू रिज पार्कवेवर गेलो. हा ४६९ मैलांचा रस्ता १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९८७ मध्ये पुरा. ट्रकांना बंदी, वेग जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. शेवटचा दुवा लिन कोव्ह व्हायाडक्ट. डोंगर फोडायचा नाही म्हणून १,२४३ फुटांचा हा पूल डोंगराच्या कडेकडेनं वळत नेलाय. डोंगराचं नाव ग्रँडफादर माउंटन! आमच्या लेकीनं त्याचं 'आबांचा डोंगर' करून टाकलं. एरवी मागच्या सीटवर मी असते. त्या दिवशी ती जागा बाबांना दिली आणि आम्ही मायलेकी मागून कारनं. गाडी उभी असतानाच कॅमेरा चालू-बंद करायचा, चालवताना हात लावायचा नाही, हा घरचा नियम.

चित्रण न कापता, वेग न वाढवता वाईला पाठवलं. चाळीस मिनिटं बाबा हलले नाहीत. पुलाआधीच्या चढाला आईंना दिसलं, की त्यांचा डावा पाय जमिनीवर गिअर टाकतोय. रात्री मुलाला फोन: "तिसऱ्या वळणाला आधी खाली घ्यायला हवा होतास. गाडी कण्हली."

पुढच्याच वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, हेलीन वादळानं त्या रस्त्यावर जागोजागी दरडी पाडल्या. मोठा भाग बंद झाला. ते चाळीस मिनिटांचं चित्रण मी आता दोन ठिकाणी जपून ठेवलंय.

आता बाबांच्या सांगण्यावरून वाईला पुतण्यानं असाच क्लँप आणलाय. पसरणी घाट चित्रित करून लेकीसाठी पाठवायचाय. पण तिला गिअरशी काय देणंघेणं? तिला माकडं, धोमचं पाणी आणि स्ट्रॉबेरीचे मळे बघायचेत. म्हणून मी पुतण्याला कळवलंय: तुझा कॅमेरा दरीच्या बाजूला तोंड करून लाव. आणि आवाज मात्र आबांचा घे. कुठलं वळण कुठलं, ते तेच सांगतील.