इतिवृत्तात नोंदवा

वाद नको म्हणून गप्प बसणाऱ्याला आपल्याकडे सालस म्हणतात. मला ते लहानपणापासून चिकटलंय. खरं तर त्यात सालसपणा कमी, पोटातला गोळाच जास्त.

आज सोसायटीची वार्षिक सभा झाली. ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते ती. फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांकडून सेवाशुल्काच्या निम्मी रक्कम बिनभोगवटा शुल्क म्हणून घ्यायचा ठराव आला. शासनाच्या आदेशाप्रमाणे महाराष्ट्रात या शुल्काची मर्यादा १० टक्के आहे, हे मला ठाऊक होतं. हात वर केला. तळवा ओला, आवाज चिरका. ‘काका, आम्हाला कायदा शिकवू नका,’ असं कोणीतरी म्हणालंच. एरवी मी मटकन खाली बसलो असतो. आज आकडा पुन्हा सांगितला आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा, एवढंच मागितलं. आवाज चढवला नाही. (चढवला असता तर फाटलाच असता.)

भीती गेली का? छे! पण तिच्यासकट बोलता येतं, हे मला नवीन. सभेनंतर सचिव जिन्यात भेटले, हसले नाहीत. त्याचंही एरवीइतकं वाईट वाटलं नाही. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झालाय.